केदारकंठ्यासाठी साताऱ्यात सोबती कुठे मिळतील?

तुम्ही विचारलंय की साताऱ्यात राहतो, डिसेंबरात उत्तराखंडातलं केदारकंठा शिखर करायचंय, मित्र ऐनवेळी गळतात, तर सोबत कुठे शोधू. सोबत मिळेल हो. पहाटे अजिंक्यताऱ्यावर चढणाऱ्यांत आठवडाभर विचारत राहिलात तरी चारपाच जण तयार होतील. मीही तिथूनच जमवले आणि तिथेच चुकलो.

डिसेंबर २०१८. आम्ही पाच जण, त्यात माझा धाकटा चुलतभाऊ. सगळे रोज गड चढणारे. गोवा एक्स्प्रेसने निजामुद्दीन, तिथून डेहराडून, मग दिवसभर जीपमध्ये हाडं खिळखिळी करत सांकरी, चढाई सुरू होते ते गाव. वाटेतल्या जुडा का तालाब या तळ्यापर्यंत मजेत गेलो. त्याच्या वरचा तळ साधारण ११,००० फुटांवर. तिथे संध्याकाळी भावाचं डोकं धरलं, जेवण गेलं नाही, रात्री दोनदा उलटी झाली. पहाटे अडीचला उठलो तर हा हेडलाइट लावून बुटाची नाडी बांधत बसलेला. गाठ मारायचा, सुटायची, परत मारायचा. जवळ जाऊन पाहिलं तर नाडी एका बाजूची भोकं सोडून भलतीकडेच ओवलेली. "थंडीनं बोटं चालंनात रे दादा," म्हणाला. मी हात धरला, बोटं चांगली गरम होती.

गाइड सांकरीचाच पोरगा. तो म्हणाला, यांना वर नेणार नाही, खाली न्या. बाकीचे तिघे म्हणतात, "गोळी दे, येईल हळूहळू. एवढ्या लांब काय परत फिरायला आलोय?" मी एका मदतनिसाला घेऊन भावाबरोबर अंधारात उतरलो. तालाबाशी येऊन बसलो, मग उजाडलं. नऊच्या सुमारास तो म्हणाला, "दादा, भूक लागलीय." दोन ताटल्या खिचडी खाल्ली त्याने.

तिघे माथ्यावर जाऊन आले, स्वर्गारोहिणी मागे घेऊन फोटो काढले. त्याचं मला काही नाही. पण टपरीवर चारचौघांत आजही ऐकवतात, "हे दोघं भिऊन फिरले." कसली भीती? केदारकंठा सुमारे १२,५०० फूट. आपल्या राज्यातलं सगळ्यात उंच कळसूबाई ५,४०० फूट. अजिंक्यतारा धावत चढलात म्हणजे दम आहे एवढंच कळतं, विरळ हवा सोसते का ते नाही कळत. ती तालमीतल्या पैलवानालाही धरते. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर वर चढायचं नाही. तोल जायला लागला, वागण्याबोलण्यात गोंधळ दिसला, तर रात्र असो की दिवस, तिथून उतरायचंच. मेंदूला सूज येते त्यात, माणूस जातो. हे त्या तिघांनाही माहीत होतं, जायच्या आधी मीच वाचून दाखवलं होतं.

म्हणून माणसं आधी आपल्या कोयनेच्या जंगलातल्या वासोटा किल्ल्यावर घेऊन जा. बामणोलीहून बोट, पलीकडे मेट इंदवलीला उतरायचं, जंगलातून वर. मुक्कामाला परवानगी नाही, संध्याकाळच्या आत परतावंच लागतं आणि शेवटचा माणूस आल्याशिवाय बोट हलत नाही. मागे राहिलेल्यासाठी कोण पाण्याची बाटली घेऊन मागे जातो आणि कोण बोटीत बसून घड्याळ बघत कुरकुरतो, ते नीट बघा. कुरकुरणारा कितीही दमदार असला तरी हिमालयात नको. आमचे तिघे वासोट्याला कुरकुरले होते. मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

कुणीच नाही मिळालं तर एखाद्या संस्थेच्या तुकडीत एकटे जा, त्यात कमीपणा नाही. फक्त गाइड फिर म्हणाला की फिरायचं.

एक राहिलं. मी डॉक्टर नाही. उंचीवरची डायमॉक्स गोळी मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नका. विशेषतः सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि सगळ्यांनाच त्रास होतो असंही नाही, मला त्या रात्री काहीच झालं नव्हतं.

येत्या डिसेंबरात मी आणि भाऊ पुन्हा निघतोय, दोन जागा आहेत. यायचं असेल तर आधी एक रविवार वासोट्यासाठी काढा.