पंखा चालू, टीव्ही काळा

मागच्या अंकात 'द सोप्रानोज'बद्दल, म्हणजे न्यू जर्सीतल्या टोनी नावाच्या माफियाच्या अमेरिकन मालिकेबद्दल, सहज दोन ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग पडला, ठाण्यात-नवी मुंबईत एवढे लोक ही मालिका बघून बसलेत मला माहितीच नव्हतं. तर यावेळी तोच विषय. शेवट फोडणार आहे, ज्यांना अजून बघायचीये त्यांनी गुपचूप पुढच्या पानावर जा, नंतर मला शिव्या घालायच्या नाहीत.

ताई, मी घोडबंदर रोडला राहतो, आयटीत आहे. दीड महिन्यात रोज रात्री जेवल्यावर दोन-दोन करत ८६ एपिसोड संपवले. शेवटचा सीन, टोनी हॉटेलात बायको-मुलासोबत बसलाय, मुलगी बाहेर गाडी लावतेय, दाराची घंटी वाजते, तो वर बघतो आणि खल्लास, स्क्रीन काळी. मला वाटलं वायफाय गेलं, उठून राउटर बंद करून चालू केला! रूममेट म्हणतो मेला, मी म्हणतो जिवंत, तीन दिवस भांडण चालूये. फसवल्यासारखं वाटतंय. मेला की नाही, एवढंच सांगा.

मेला. माझ्या मते. सॉरी, रूममेटला पार्टी दे.

आता का ते सांगते, सीन परत लाव आणि आवाज वाढव. दर वेळी काय होतं बघ, घंटी वाजते, टोनी मान वर करतो, मग त्याला जे दिसतंय ते आपल्याला दिसतं, बायको आली, मुलगा आला, असं. शेवटच्या वेळी घंटी वाजते, मान वर होते आणि त्याला जे दिसायला हवं त्या जागी काळं. गाणंसुद्धा मधेच तुटतं. म्हणजे टीव्ही बंद नाही पडला रे, त्याचं दिसणं बंद पडलं. त्याच सीझनमध्ये आधी तलावावर बोटीत बसून टोनीचा मेव्हणा बॉबी आणि टोनी बोलतात ना, की वेळ येते तेव्हा बहुतेक काही ऐकूच येत नसेल, ते वाक्य शेवटून दुसऱ्या भागात टोनीला पुन्हा आठवतं, बंदूक छातीशी धरून पडलेला असताना. उगाच कोण आठवण करून देतं? आणि तो जॅकेटवाला माणूस, मुलाच्या जरा पुढेच आत येतो, काउंटरवर बसून इकडे बघतो आणि मग बाथरूमकडे जातो. 'गॉडफादर' सिनेमात मायकेल पिस्तूल बाथरूममधूनच आणतो, आठव.

पण तुझी बाजू काही येड्यासारखी नाहीये हां. न्यू यॉर्कच्या टोळीचा म्होरक्या फिल, त्याचा काटा त्याच भागात पेट्रोल पंपावर काढलाय, न्यू यॉर्कवाल्यांशी मिटलंय, मग मारणार कोण? उलट टोनीचाच माणूस कार्लो साक्ष द्यायला तयार झालाय, वकील सांगतोय केस उभी राहणार, म्हणजे हा माणूस जगला तरी दर घंटीला दाराकडे बघतच जगणार. असं म्हणणारे लोक मला आवडतात, कारण ते निदान सीन बघून बोलतात. 'डायरेक्टरला सुचलं नाही म्हणून कापलं' वाल्यांशी मी बोलत नाही.

सुचलं होतं, त्याचंच सांगते. मालिका बनवणाऱ्या डेव्हिड चेसनं २०२१ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं की त्याच्या डोक्यात आधी वेगळंच होतं, टोनी न्यू जर्सीतून लिंकन टनेलनं न्यू यॉर्कला मीटिंगला जातो आणि तिथे त्याला मारतात. आता टायटल आठव, दर भागाला टोनी त्याच टनेलमधून बाहेर पडून घराकडे येतो, म्हणजे शेवटी उलटी फेरी. हे आपल्याला कुणी समजावायला नको, न्यू जर्सी म्हणजे न्यू यॉर्कचं ठाणेच आहे, मधे चेकनाक्याऐवजी हडसन नदी, कामं तिकडे, घर इकडे, आणि तिकडचे लोक इकडच्यांना जरा कमीच समजतात. रोज मुलुंड चेकनाका ओलांडून घरी येणारा माणूस एक दिवस उलटा गेला आणि परत आलाच नाही, असा तो शेवट झाला असता. मग चेसनं एक छोटंसं हॉटेल पाहिलं आणि वाटलं की हे अशाच एखाद्या जागी व्हायला हवं. कांद्याची भजी खाता खाता म्हणा ना (ते ओनियन रिंग्ज म्हणतात, पण भजीच ती).

आणि फसवल्यासारखं वाटलं त्याचं वाईट वाटून घेऊ नको. १० जून २००७, रविवारची रात्र, तिकडे १ कोटी १९ लाख लोक बघत होते, आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसातच्या आसपास जेव्हा लोक लोकलच्या दारात लटकत होते तेव्हा तिकडे लोक टीव्हीला थपडा मारत होते. केबल गेली! आत्ताच जायची होती! दहा-एक सेकंद नुसतं काळं आणि मग पाट्या. त्या रात्री चॅनलची वेबसाइट कोसळली. चेस स्वतः फ्रान्सला जाऊन बसला होता, नंतर बोलला ते न्यू जर्सीतल्या पेपरशी, तोच पेपर जो टोनी गाऊनवर बाहेर येऊन उचलतो, आणि तिथेही म्हणाला की समजावून सांगण्यात मला रस नाही.

मी स्वतः दोन-तीन वर्षांनी पाहिला, आतेभावाच्या हार्डडिस्कवरून, नौपाड्यातल्या जुन्या घरी. स्क्रीन काळी झाली आणि आई स्वयंपाकघरातून ओरडली, "लाइट गेली का गं?" मी वर बघितलं, पंखा चालू. त्या एका क्षणात मला जे झालं ते नंतर यूट्यूबवरच्या कुठल्याच व्हिडिओनं झालं नाही. म्हणून म्हणते, तू राउटर हलवलास ना, तूच तो शेवट नीट पाहिलास. रूममेटनं आधीच कुठेतरी वाचलं होतं की काळं होतं, बरोबर? विचार त्याला.

शेवटच्या सीनमधलं ते टेबल म्हणे लिलावात विकलं, खरं का? — एक वाचक, ऐरोली

खरं. २०२४ च्या मार्चमध्ये, ऑनलाइन, ८२,६०० डॉलरला. हॉटेल न्यू जर्सीतच ब्लूमफील्डला आहे, होलस्टेन्स नाव, १९३९ पासूनचं, खरं तर आइस्क्रीम-चॉकलेटचं दुकान. जुनी बाकं बदलायची होती म्हणून ते विकायला काढलं. टेबलासाठी जरा जास्तच झाले.

मी वाशीला राहते, माझं वय ६३. मुलगा आणि सून असल्या इंग्रजी सिरियल बघतात आणि मला हसतात, की आई तुझ्या मालिकेत शेवटी सगळे ओळीत उभे राहून फोटो काढतात. मला विचारायचंय की शेवट नीट सांगितला तर त्यात कमीपणा काय?

काही नाही काकू. तुम्ही दोन-तीन वर्षं रोज सातला कुणाच्या तरी घरात जाता, तर निघताना त्यांनी दारापर्यंत सोडायला यावं एवढी अपेक्षा रास्त आहे. मला फोटोचा राग नाही, घाईचा आहे. टीआरपी पडतो, स्लॉट दुसऱ्याला जातो, मग शनिवारपर्यंत गुंडाळा म्हणून वर्षभर कोमात असलेला माणूस बुधवारी उठतो आणि गुरुवारी सासूला माफ करतो. इथेच घोडबंदरला तर शूटिंग चालतं, सेटवरच्या लोकांना विचारा, त्यांनाही कधीकधी शेवट आदल्या आठवड्यात कळतो. आणि सुनेला सांगा की तिच्या लाडक्या टोनीच्या शेवटच्या सीनमध्येही अख्खं कुटुंबच जेवायला जमतंय, मुलगा बापाला त्याचंच जुनं वाक्य आठवून देतो, चांगले दिवस तेवढे लक्षात ठेवा असं. फोटोच आहे तो, फक्त फोटोग्राफरनं क्लिक करायच्या आधी लाइट घालवली.

आमच्या कॉलेजच्या एकांकिकेत शेवटी मुलगी दार उघडते आणि ब्लॅकआउट. दारात कोण ते दाखवत नाही. परीक्षक म्हणाले शेवट कळला नाही, मार्क गेले. तुम्ही टोनीचं कौतुक करता मग आमचं काय चुकलं? — ठाणे पूर्व

हे पत्र मला सगळ्यात आवडलं, कारण यात राग आहे आणि तो बरोबर जागी आहे. तुझी संहिता मी वाचलेली नाही, त्यामुळे परीक्षक चुकले असंही असू शकतं, होतं तसं. पण एक करून बघ. ब्लॅकआउटच्या आधी प्रेक्षकाला विचार की दारात कोण असू शकतं. त्यानं दोन नावं पटकन सांगितली, आणि त्यातलं एक आलं तर काय होईल नि दुसरं आलं तर काय हेही सांगितलं, तर तुझा शेवट उघडा आहे. तो नुसता "कोणीपण" म्हणाला तर तो उघडा नाही, रिकामा आहे. टोनीच्या वेळी आपल्याला सगळं माहितीये, मुलगी तीनदा गाडी मागेपुढे करून आत धावतेय, जॅकेटवाला बाथरूमकडे गेलाय, कोर्टाची केस डोक्यावर आहे. लपवलंय ते एकच. त्यासाठी आधी ८५ भाग सांगितलंय बाबा, तुमच्याकडे पस्तीस-चाळीस मिनिटं असतात, म्हणजे पहिल्या पाच मिनिटांतच ती मुलगी कुणाची वाट बघतेय आणि कुणाला घाबरतेय हे दोन्ही यायला हवं.

आणि ब्लॅकआउट जरा लांबवा. चेसला म्हणे ते काळं बरंच जास्त वेळ हवं होतं. एकांकिकेत मुलं घाबरून दोन सेकंदात लाइट देतात, टाळ्या येतील की नाही म्हणून. पाच मोजा. कुणीतरी खोकेल, मागून एखादा "लाइट गेली रे" म्हणेल, म्हणू दे.