वाचतेय असं वाटू नये म्हणून

या महिन्यात आलेले बहुतेक प्रश्न शिकवण्याच्या व्हिडिओला मागून आवाज देण्याबद्दलचे आहेत, व्हॉइसओव्हर म्हणतात ते. माझं रोजचं काम तेच असल्यामुळे उत्तरं जरा लांबलीत, चालवून घ्या.

प्रश्न: ताई, मी शिवणकामाचे क्लास घेते आणि आता ब्लाउज कटिंगचे व्हिडिओ पण बनवते. क्लासमधे बोलते ते मुलींना छान समजतं. पण व्हिडिओसाठी लिहून काढलं आणि वाचलं की मलाच बातम्या ऐकल्यासारखं वाटतं. आवाज सुधारायचा काही व्यायाम आहे का? सोबत स्क्रिप्ट पाठवतेय.
(एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर: ताई, व्यायामाचं नंतर बघू, कारण क्लासमधे जो आवाज मुलींना समजतो तो घरी येऊन बिघडायचं काही कारण नाही ना. तुमची स्क्रिप्ट वाचली. पहिलंच वाक्य आहे, "सर्वप्रथम कापडाची दुहेरी घडी करून घ्यावी व तदनंतर मुंढ्याचे माप चिन्हांकित करावे." आता मला सांगा, समोर बसलेल्या मुलीला तुम्ही कधी तदनंतर म्हणालात का? तिला तुम्ही म्हणता, "डबल घडी घाल. घडीची बाजू आपल्याकडे घे, हां, अशी. आता खांद्यापासून सरळ खाली पावणेसहा, तिथं खडूनं टिंब दे." हे कुणीही वाचलं तरी बोलल्यासारखंच येणार, आणि ते पहिलं वाक्य कितीही मोठ्या कलाकाराला दिलं तरी परिपत्रकच वाटणार. आपल्याकडे लिहायच्या आणि बोलायच्या मराठीत अंतर फार, हातात पेन आलं की शाळेतला निबंध आपोआप उतरतो, माझंही अजून होतं.

म्हणून आधी लिहूच नका. पुढच्या क्लासला फोन टेबलावर ठेवा, एखाद्या नव्या मुलीला विचारून रेकॉर्डिंग चालू करा आणि तोच ब्लाउज तिला पहिल्यापासून शिकवा, तिला मधे मधे विचारू द्या. घरी येऊन ते ऐका आणि जसंच्या तसं कागदावर उतरवा, हां सकट, "थांब थांब, इकडं बघ" सकट. मग दोनदोनदा आलेलं काढून टाका, पण तिनं जे प्रश्न विचारले त्यांची उत्तरं त्या त्या जागीच राहू द्या, कारण ती जिथं अडली तिथंच व्हिडिओ बघणारी पण अडणार. झाली स्क्रिप्ट. रेकॉर्ड करताना कटिंगचा व्हिडिओ म्यूट करून समोर लावा, शक्यतो उभ्या राहा, हातात खडू धरा आणि हात हलवत बोला. हात मांडीवर ठेवून बसलं की आवाज पण बसतो.

आता एक गोष्ट जी मी सगळ्यांनाच सांगत असते. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि वाचताना आपला दम पण शेवटीच संपलेला असतो, त्यामुळे "इथं मार्जिन सोडल्याशिवाय कापू नका" मधलं "नका" घशात राहतं आणि बघणारीला ऐकू येतं फक्त "कापू". ताई, तिचं कापड गेलं ना! म्हणून वाक्य लहान ठेवा आणि शेवटच्या शब्दापर्यंत श्वास पुरवा. आणि प्रत्येक वाक्यात एकच शब्द पेन्सिलनं अधोरेखित करा, जिथं चूक व्हायची शक्यता आहे तो. "अस्तर आधी कापा" यात जोर अस्तरवर दिला तर अर्थ होतो वरचं कापड नको, अस्तर घ्या, आणि आधीवर दिला तर अर्थ होतो बाकी सगळं नंतर. जोर द्यायचा म्हणजे ओरडायचं नाहीये, त्या शब्दाच्या आधी किंचित थांबायचं, बस. नाहीतर सगळी वाक्यं एकाच चढउतारात जातात, पाढे म्हटल्यासारखी.

प्रश्न: एका खोलीत राहतो, मागून लोकल जाते. माइक चांगला घेतला तरी आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. फोम लावायचा खर्च परवडणारा नाही.
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: फोम नकोच. विहिरीसारखा आवाज येतो तो लोकलमुळे नाही, भिंतींमुळे. उघड्या भिंती, फरशी आणि खिडकीची काच, तुमचा आवाज तिथं आपटून परत माइकमधे येतो. पहिलं काम म्हणजे माइकच्या जवळ या. तोंड आणि माइक यात एक वीत. अंतर दुप्पट केलं की तोंडातून थेट येणारा आवाज ६ डेसिबलनं पडतो पण खोलीचा घुमारा तेवढाच राहतो, म्हणून लांबून बोललं की विहीर होते. माइक तोंडाच्या अगदी समोर न ठेवता थोडा तिरका ठेवा म्हणजे प, फ, भ ची हवा त्याच्यावर आदळणार नाही, फट फट येतं ते त्यानंच.

दुसरं, घरातल्या गोधड्या काढा. एक तुमच्या पाठीमागं दोरीवर टांगा, एक माइकच्या मागं, एक टेबलावर पसरा. कपड्यांचं कपाट असेल तर दार उघडून त्याच्याकडे तोंड करून बोला, टांगलेल्या साड्या आणि शर्ट आवाज छान पितात. लोकलला इलाज नाही, तिच्या वेळा बघून मधल्या चार-पाच मिनिटांच्या फटीत एकेक तुकडा करायचा, गाडी आली की थांबायचं आणि ते वाक्य पहिल्यापासून घ्यायचं, अर्ध्यातून जोडायला जाऊ नका, सूर जुळत नाही.

पंखा आणि फ्रिज बंद करायचं विसरू नका. मी एकदा पाककृतींचे सहा भाग एका बैठकीत रेकॉर्ड केले आणि घरी हेडफोन लावल्यावर कळलं की फ्रिज दर थोड्या वेळानं चालू बंद होत होता, म्हणजे मागची घरघर एका वाक्यात आहे आणि पुढच्यात नाही. सलग घरघर असती तर काढता तरी आली असती. सहाच्या सहा भाग परत केले. तेव्हापासून फ्रिज बंद केला की माझी स्कूटरची किल्ली फ्रिजमधे ठेवते, म्हणजे निघताना फ्रिज चालू करायचं राहत नाही.

बोलायला सुरुवात करण्याआधी दहा सेकंद गप्प बसून खोलीची शांतता पण रेकॉर्ड करून ठेवा. नंतर दोन वाक्यांमधे जागा वाढवायची झाली तर तिथं ही शांतता टाकायची, अगदी कोरी जागा टाकली तर कानाला खड्ड्यात पडल्यासारखं वाटतं. ऑडॅसिटी हा आवाज कापायचा-जोडायचा प्रोग्राम फुकट आहे, त्यात नॉइज रिडक्शनला, म्हणजे मागची घरघर कमी करायला, याच दहा सेकंदांचा नमुना द्यायचा असतो. पण हात आखडता ठेवा, १२ डेसिबलच्या पुढे गेलात की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. रेकॉर्डिंगची पातळी अशी ठेवा की मोठ्यात मोठा शब्द उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मधे राहील. शून्याला टेकून फाटलेला आवाज नंतर कशानंच नीट होत नाही. सेटिंगमधे सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ ठेवा, व्हिडिओसाठी तेच प्रमाण धरतात.

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. विज्ञानाचे धडे स्लाइडवर करून आवाज देते. मुलं दोन मिनिटांत चुळबूळ करायला लागतात. आवाजात नाट्य आणू का?
(एक वाचक, जि. सातारा)

उत्तर: बाई, नाट्य नको. तुमच्या स्लाइडवर पूर्ण परिच्छेद आहे आणि तोच परिच्छेद तुम्ही वाचताय, खरी अडचण ही आहे. मूल डोळ्यांनी तुमच्या पुढं पळतं, कान मागं राहतो आणि दोन्हीकडची ओढाताण होऊन ते बाहेर बघायला लागतं. कॅलिफोर्नियातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी यावर आयुष्यभर काम केलंय, त्यांचं सांगणं हेच की चित्र आणि बोलणं एकत्र चालतं, पण बोलणं आणि तेच छापलेलं एकत्र नको. स्लाइडवर फुप्फुसाचं चित्र आणि दोनतीन नावं ठेवा, बाकीचं तुम्ही बोला.

त्यांचाच २००४ चा एक प्रयोग मला फार आवडतो. श्वास कसा चालतो याचं छोटं अ‍ॅनिमेशन होतं. एका गटाला नुसतं "फुप्फुसं" अशा भाषेत ऐकवलं, दुसऱ्याला तेच सगळं "तुमची फुप्फुसं" म्हणून. बाकी काही बदल नाही. आणि शिकलेलं वापरून सोडवायच्या प्रश्नांत "तुमची" ऐकलेले विद्यार्थी पुढं गेले. तर "मानवी शरीरात श्वासपटल आकुंचन पावते" ऐवजी "आता तुम्ही श्वास आत घ्या बरं, घेतला? पोटाच्या वर काहीतरी खाली सरकलं ना, ते श्वासपटल" असं म्हणून बघा, आणि म्हटल्यावर खरंच दोन सेकंद थांबा, मुलांना श्वास घेऊ द्या.

स्क्रिप्टसाठी कागदाच्या मधे उभी रेघ मारा, डावीकडे पडद्यावर काय दिसतंय आणि उजवीकडे तेव्हा काय बोलायचं. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल असेच दोन रकान्यांत लिहितात, साधारण दहा दहा मिनिटांचे धडे, मराठीत पण आहेत, एखादा नक्की बघा. आणि आकडे अक्षरात लिहून ठेवा. कागदावर १७५ दिसलं की काहीजणी एकशे पंच्याहत्तर म्हणतात, काहीजणी पावणेदोनशे, आणि ऐन रेकॉर्डिंगमधे ठरवायला गेलं की जीभ अडखळते. चमचाचा च आणि चारचा च वेगळा हे तुम्हाला माहितीय, पण परकी नावं असतील तर तीही उच्चारतात तशीच लिहा.

प्रश्न: एक्सेल शिकवतो. सगळे म्हणतात हळू बोल, हळू बोललो की झोप येते.
(एक वाचक, पुणे)

उत्तर: तुमच्या नेहमीच्याच वेगानं बोला. एडएक्स या ऑनलाइन शिकवणाऱ्या वेबसाइटच्या कोर्सेसवर २०१४ मधे एक अभ्यास झाला होता, ६९ लाख वेळा व्हिडिओ पाहिले गेले त्याची आकडेवारी घेऊन, त्यात जरा भरभर आणि उत्साहानं बोलणाऱ्यांना लोक जास्त वेळ बघत होते, आणि सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ सगळ्यात जास्त टिकत होते. मात्र तुम्ही मेनूवर क्लिक करता तेव्हा थांबा. बोलणं भरभर चालेल, माउसचा बाण भरभर गेला तर कुणालाच दिसत नाही.

प्रश्न: ताई, मी वरुडकडचा. संत्र्याच्या कलमाचे व्हिडिओ बनवतो. माह्या बोलण्यात काहून, करून राह्यलो असं येते. पोरगी म्हणते पप्पा शुद्ध बोला. अन् मलेच माहा आवाज आयकवत नाही. एक व्हिडिओ धाडतो, पाहून सांगा.
(एक वाचक, जि. अमरावती)

उत्तर: दादा, व्हिडिओ दोनदा पाहिला. स्वतःचा आवाज कुणालाच आवडत नाही, कारण आपण बोलतो तेव्हा आपल्याला तो हवेतून आणि डोक्याच्या हाडातून असा दोन्हीकडून ऐकू येतो, हाडातून येणारा भरदार असतो आणि रेकॉर्डिंगमधे तो गायब. बाकी जगानं मात्र तुमचा आवाज कायम असाच ऐकलाय आणि त्यांचं काही अडलेलं नाही. महिनाभर रोज ऐका, सवय होते.

आणि बोली अजिबात सोडू नका. मुलीला समजावून सांगा की ज्याच्या रोपवाटिकेत जंबेरीचा खुंट, म्हणजे संत्र्याचं कलम ज्यावर बांधतात ते रोप, उभा आहे तो माणूस तुमच्यासारखंच बोलतो, त्याला "काहून" ऐकलं की कळतं की हा आपल्यातला माणूस आहे आणि यानं हे हातानं केलंय. तुमच्या व्हिडिओत पहिली दोन मिनिटं तुम्ही प्रमाण भाषा बोलायचा प्रयत्न केलाय, तिथं तुमचे शब्द चाचपडत येतात. दुसऱ्या मिनिटानंतर तुम्ही विसरलात आणि "आता हा डोळा पाहा, हा नाही घ्यायचा, हा कवळा आहे" असं म्हणालात (डोळा म्हणजे कलमासाठी फांदीवरून घ्यायची कळी), तिथं मी खुर्चीत पुढं सरकून बसले. मला कलमातलं काही येत नाही तरी कोणता डोळा घ्यायचा ते कळलं. ती पहिली दोन मिनिटं तेवढी परत रेकॉर्ड करा, याच आवाजात. बसायची जागा, माइकचं अंतर आणि दिवसाची वेळ तीच ठेवा, सकाळचा आवाज आणि संध्याकाळचा आवाज जोडला की लगेच कळतं.

एकच बदल सुचवते. तिसऱ्या मिनिटाला तुम्ही खुंटावर सुरी धरलीय, टी सारखा काप घेताय, आणि नेमकं तेव्हा तुम्ही खताबद्दल बोलताय. खत काढून शेवटी टाका. सुरी सालीला लागण्याआधी सांगा की किती खोल जायचं, आणि मग गप्प राहा. साल सुटताना जो बारीक आवाज येतो तो तुमच्या माइकनं छान पकडलाय, तो ऐकू द्या. डोळा आत सरकवून पट्टी बांधून झाली की मग बोला.