कामाच्या जागी दागिने : वाचकांचे प्रश्न

पिथमपूरला लेथवर काम करतो. लग्नातली अंगठी निघत नाही. वर हातमोजा घातला तर चालेल का?

मोजा मुळीच घालू नका. 600 आरपीएमवर चक (काम पकडून फिरणारा लेथचा भाग) सेकंदाला 10 फेरे घेतो. मोज्याचा धागा किंवा लांब बर (कापताना निघणारी धातूची साल) गुंतली की हात मागे घ्यायला वेळच उरत नाही. अंगठी अडकली की बोट सोललं जातं; कातडी, रक्तवाहिन्या, नसा तिच्यासोबत ओढल्या जातात. ट्रकवरून उडी मारताना ती फाळक्याच्या हुकात अडकली तरी हेच होतं.

काढायची रीत अशी. हात पाच मिनिटं डोक्याच्या वर धरा, मग थंड पाणी आणि साबण लावून पाहा. नाहीच निघाली तर बारीक नायलॉनचा दोरा घ्या. त्याचं एक टोक अंगठीखालून मनगटाकडे काढा. उरलेला दोरा अंगठीला लागूनच नखाच्या दिशेने, सांधा ओलांडेपर्यंत, फट न ठेवता घट्ट गुंडाळा. आता मनगटाकडचं टोक नखाकडे ओढत उलगडत जा. अंगठी वेढ्यांवरून सरकते. बोट निळं पडलं किंवा बधिर झालं तर वेळ घालवू नका, लगेच दवाखान्यात अंगठी कापून घ्या. सराफ्यात ती पुन्हा जोडून मिळते.

सांवेर रोडला नमकीनच्या पॅकिंगला आहे. पुढे मेटल डिटेक्टर आहेच, मग काचेच्या बांगड्या का उतरवायच्या? मंगळसूत्राचं काय?

डिटेक्टर धातू पकडतो. काच, मोती, काळे मणी त्यातून सुटून जातात. शेवेत काचेची कपची डोळ्यांनाही दिसत नाही. मंगळसूत्र ब्लाउजमध्ये खोचलं तरी वाकल्यावर बाहेर लोंबतं, आणि तारेत गाठवलेलं असेल तर ते सहज तुटत नाही, गळ्याला फास बसतो. फिरत्या मिक्सर-कन्व्हेअरपाशी ते उतरवाच. पण त्यासाठी मालकाने प्रत्येकीला कुलपाचा खण दिलाच पाहिजे. सोनं खुंटीवर टांगून कोण कामाला लागेल? जोडवी बंद बुटात रुतत नसतील तर राहू द्या.

बॅटऱ्या बसवतो. 12 व्होल्टचा झटका बसत नाही, तरी कडं काढायचं?

हो. धोका भाजण्याचा आहे. पाना एका टर्मिनलवर असताना कडं त्या पान्याला आणि दुसऱ्या टर्मिनलला एकदम टेकलं की शेकडो अँपियर वाहतात. काही सेकंदांत कडं चटका देण्याइतकं तापतं. गाडीत निगेटिव्ह तार आधी सोडवा, जोडताना शेवटी लावा. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. भाजलंच तर 20 मिनिटं वाहत्या पाण्याखाली हात धरा, आणि सूज यायच्या आत अंगठी-कडं उतरवा. कातडीला चिकटलं असेल तर मात्र ओढू नका, तसंच डॉक्टरांकडे जा.