भूतानच्या राजाने सत्ता का सोडली?

प्रश्न: भूतानमध्ये आंदोलन नसताना राजाने स्वतःहून लोकशाही का आणली?

उत्तर: आंदोलन नव्हतंच असं नाही हं, १९९० ला दक्षिणेत नेपाळी भाषिकांचं झालं आणि हजारो लोकांना देश सोडावा लागला, ते विसरू नका. पण तेव्हाचे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांचं म्हणणं होतं की अख्खा देश एकाच माणसाच्या भरवशावर नको. लोकांनाच धाकधूक, २००७ च्या सराव मतदानात पार्ट्यांना नुसते रंग दिलेले तर पिवळा जिंकला, का तर तो राजाचा रंग! खरी निवडणूक २००८ ला झाली. भूतानचे चीनशी राजनैतिक संबंध नाहीत, त्यामुळे तिथे भारताचं वजन फार, २०१३ ला ऐन निवडणुकीत आपण स्वयंपाकाच्या गॅसवरची सबसिडी काढली, लोकांच्या चुली अडल्या आणि सत्ताधारी हरले. मला ते अजिबात पटलं नाही.