नववा महिना कोणता?

प्रश्न : माझ्या यजमानांचे घराणे इंग्रज असून मूळचे वेस्टमोरलंडमधील केंडल परिसरातले आहे. सतराव्या शतकातील त्यांचा एक पूर्वज क्वेकर, म्हणजे ‘फ्रेंड्स’ नावाच्या ख्रिस्ती पंथाचा होता. त्याच्या 1630च्या बाप्तिस्म्याची नोंद पॅरिशच्या, म्हणजे गावच्या अधिकृत चर्चच्या वहीत सापडली, पण लग्नाचा आणि मुलांचा तेथे मागमूस नाही. क्वेकरांच्या वहीत त्याचे दफन ‘1672, नववा महिना, 12वा दिवस’ असे नोंदलेले आहे, तर मृत्युपत्रावर 4 नोव्हेंबर 1672 ही तारीख आहे. पुरल्यानंतर दोन महिन्यांनी सही कशी होईल? ही माणसे दोन समजावीत का?
— एक वाचक, मँचेस्टर

उत्तर : तारखांवरून तरी दोन माणसे मानण्याचे कारण दिसत नाही. नववा महिना म्हणजे सप्टेंबर, असे आपण धरल्यामुळे हा घोटाळा झाला आहे. इंग्लंडमध्ये 1751पर्यंत वर्षारंभ 25 मार्चला होत असे. महिन्यांची आणि वारांची प्रचलित नावे मूर्तिपूजकांच्या देवतांवरून आलेली म्हणून क्वेकर ती टाळून आकडे लिहीत, आणि त्यांच्या मोजणीत मार्च पहिला, तर नोव्हेंबर नववा. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर या नावांत आपल्या सप्त, अष्ट, नव, दश यांचीच भावंडे दडलेली आहेत, त्यामुळे मराठी माणसाला तरी ही मोजणी विसरायला नको! म्हणजे मृत्युपत्र दफनाच्या आठ दिवस आधीचे ठरते, आणि अंथरुणाला खिळल्यावरच मृत्युपत्र करण्याची त्या काळी रीत होती. अकरावा आणि बारावा महिना आला, तर मात्र अधिक जपावे. ‘1672, बारावा महिना’ म्हणजे आपल्या हिशेबाने फेब्रुवारी 1673, म्हणून वंशावळीत 1672/73 असे जोडवर्ष लिहावे.

पॅरिशच्या वहीतील शांततेचे कारण सरळ आहे. क्वेकर पंथाचे संस्थापक जॉर्ज फॉक्स यांनी वेस्टमोरलंडमध्ये प्रवचने दिली ती 1652मध्ये, त्यामुळे 1630चा बाप्तिस्मा पॅरिशमध्ये असणारच. पुढे क्वेकरांनी बाप्तिस्माच नाकारला, आणि लग्नेही ते पाद्र्याविना, आपल्या सभेत लावीत.

या लग्नाच्या नोंदीवर आपण सर्वाधिक भर द्यावा, असे मला वाटते. वधूवरांना आपला मनोदय आधी मासिक सभेपुढे, म्हणजे परिसरातील क्वेकरांच्या दरमहा भरणाऱ्या कामकाजाच्या बैठकीपुढे, सांगावा लागे, त्यामुळे त्याचा उल्लेख सभेच्या इतिवृत्तात मिळू शकतो. लग्नाच्या दाखल्यावर उपस्थित मंडळी सह्या करीत, त्यामुळे एका कागदावर निम्मे गोत हाती लागते. क्वेकरांनी आपल्या जुन्या वह्या 1840मध्ये सरकारच्या स्वाधीन केल्या. त्या आता लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘आरजी 6’ या मालिकेत आहेत. देण्यापूर्वी त्यांनी काढून ठेवलेले गोषवारे लंडनच्या फ्रेंड्स हाउस या क्वेकरांच्या मुख्यालयातील ग्रंथालयात आहेत. गोषवाऱ्यात नाव चटकन सापडते खरे, पण साक्षीदारांची नावे त्यात उतरवलेली नाहीत, तेव्हा मूळ नोंद पाहिल्याशिवाय थांबू नये. मासिक सभांची इतिवृत्ते बहुधा त्या त्या काउंटीच्या अभिलेखागारात असतात. आपल्याला केंडलच्या अभिलेखागारात चौकशी करावी लागेल.

चर्चचा दशांश कर न देणे, शपथ न घेणे, बंदी मोडून सभा भरवणे यांसाठी क्वेकरांना दंड आणि तुरुंगवास होई, आणि हा छळ ते स्वतः बारकाईने लिहून ठेवीत. जोसेफ बेस यांनी 1753मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केलेल्या संग्रहात अशा नोंदी काउंटीवार आहेत. वेस्टमोरलंडचे प्रकरण जरूर चाळावे. थडगे शोधण्यात मात्र वेळ घालवू नये, कारण नाव कोरलेले दगड क्वेकरांना फार काळ पसंत नव्हते.