शहीद जवानाच्या नावानं गावात काय करावं, पुतळा की दुसरं काही?

तुम्ही विचारलंय की गावचा पोरगा सीमेवर कामी आला, मित्रांना त्याच्या नावानं काहीतरी करायचंय, पुतळा उभारावा की दुसरं काही. आमच्याकडं हे होऊन गेलंय म्हणून लिहितो. जवान माझा चुलतभाऊ, गाव अंबाजोगाई तालुक्यातलं.

पहिल्या वर्षी आम्ही साफ चुकलो. वर्षश्राद्धाला रक्तदान शिबिर ठेवलं. रक्तदान अकराला उरकलं, भाषणं दोनपर्यंत. बॅनरवर त्याच्यापेक्षा पुढाऱ्यांचे फोटो मोठे. काकू मंडपाच्या कडेला बसलेली, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. जवळ गेलो तर म्हणाली, "झालं का रे लेकरा? घरी ढोरं ओरडायलेत."

मग पुतळ्याचा विषय निघाला. (त्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, ते वेगळंच.) तेव्हा कुठं काकूला विचारायचं सुचलं. पुतळ्याचं ती बोललीच नाही. म्हणाली, भरतीच्या वेळी तो पहाटे चारला डांबरीवर पळायचा, ट्रक खेटून जायचे, मी बॅटरी घेऊन फाट्यावर उभी राहायची. आताची पोरंबी तिथंच पळायलेत.

म्हणून मैदान केलं. सैन्यभरतीत १,६०० मीटर पळावं लागतं. ४०० मीटरच्या ट्रॅकला चारेक एकर रान लागतं. आमच्याकडं काकांचं एकच एकर पडीक. त्यात २०० मीटरचा बसला, आठ फेऱ्या मारायच्या. जमीन काळी, पावसात बुटाला किलोभर चिखल लागतो. माती उकरून मुरूम भरला, रोलर फिरवला.

खर्च भावकीनं केला. तुम्ही वर्गणी काढणार असाल तर आधी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात परवानगीचं विचारा, बँकेतलं खातं दोघांच्या सहीचं ठेवा. हिशेबावरून भांडण पेटलं तर चर्चा त्याच्याच नावाची होते. ट्रस्टची घाई नको. आयकरात सूट मिळायची पावती मागणारे देणगीदार आले की ट्रस्ट नोंदवा, तोवर ऑडिटचं लोढणं कशाला?

आणि वहिनीला विचारल्याशिवाय फलक लावू नका. आमच्या वहिनीची अट होती, फाटकावर फक्त नाव, फोटो नको. पोरगी रोज त्याच वाटेनं शाळेत जाते.

आता मैदानावर सौर दिवे आहेत, तरी काकू पहाटे बॅटरी घेऊन येतेच. फेऱ्या मोजते, आणि सहाव्या फेरीला चालायला लागलेल्याला शिव्या घालते.