लाखाच्या वर लोकांनी पाहिलं, ऑर्डरी मात्र अकराच

घरगुती उद्योग करणाऱ्या वाचकांच्या पत्रांना या पानावर मी उत्तरं देते. मी स्वतः सांगलीत कांदा-लसूण चटणी करून विकते, त्यामुळे जे सांगते ते माझ्या कांडपाच्या आणि कुरिअरच्या अनुभवातून. या महिन्यात तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण तसंच पत्र मला दर महिन्याला कुणी ना कुणी लिहितं.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी कुडाळजवळच्या गावात राहते. सासूबाई आणि मी मिळून कोकमाचं आगळ (मीठ घातलेला रस), आमसुलं आणि सरबत करतो. जूनमध्ये इन्स्टाग्रामवर खातं उघडलं. पुतण्याच्या सांगण्यावरून रोज नाही तरी दोन-तीन दिवसांनी रील टाकते, चालू असलेलं गाणं लावते. पाच महिन्यांत 62 रील्स झाल्या. आमच्या मागच्या ओहोळाची पावसातली रील 1 लाख 80 हजार जणांनी पाहिली, पण ऑर्डरी आजवर फक्त 11. त्यातल्या सात तर सासूबाईंनी आगळाची बरणी उघडून दाखवली त्या व्हिडिओनंतर आल्या, आणि तो जेमतेम 2,300 जणांनी पाहिला होता. आता एक एजन्सी म्हणते, महिना 8,000 रुपये द्या, आम्ही सगळं सांभाळतो. लिटरच्या बाटलीमागे आम्हाला खर्च जाऊन 80 रुपये सुटतात. मला कॅमेऱ्यासमोर बोलायचा फार संकोच वाटतो. एजन्सीला काम देऊ का? माझं नेमकं कुठे चुकतंय?

उत्तर : उत्तर तुमच्याच पत्रात आहे, फक्त तुम्ही ते जाता जाता लिहून गेलात. अकरातल्या सात ऑर्डरी बरणीने आणल्या. ओहोळ बघायला आलेली माणसं पाऊस बघून गेली. त्यांना कोकण आवडतं, पण म्हणून घरात आगळाची बाटली हवी असते असं नाही. बरणीपाशी थांबले ते थोडे होते, पण ते आगळासाठी थांबले होते. तुम्ही त्या थोड्यांसाठी व्हिडिओ करा.

एजन्सीचा हिशेब आधी मिटवू. 8,000 भागिले 80 म्हणजे 100 बाटल्या. दर महिन्याला शंभर बाटल्या विकल्या तरी तुमच्या हातात काही उरत नाही, एकशे एकाव्या बाटलीपासून तुमची कमाई सुरू. आज हे ओझं डोक्यावर घेऊ नका. पुढे महिन्याला दोन-तीनशे बाटल्या जायला लागल्या आणि तुम्हाला वेळच मिळेनासा झाला, तर तेव्हा बघू.

आता माझी गोष्ट सांगते, म्हणजे बरणी का चालली ते लक्षात येईल. आमच्याकडे सांगली-कोल्हापूर भागात मिरची, भाजलेलं खोबरं, तळलेला कांदा, लसूण आणि मसाले घालून कुटलेल्या तिखटाला नुसतं 'चटणी' म्हणतात. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करून ठेवायची, आणि आमटी-भाजीला तीच घालायची. ऑनलाइन विकायला लागले तेव्हा मी पाकिटावर आणि व्हिडिओत 'चटणी' एवढंच म्हणत होते. डोंबिवलीच्या एका ताईंनी ती वड्याबरोबर खायला मागवली. पहिला घास खाऊन त्यांचा फोन आला, आवाज पार बसलेला. त्या रागावल्या नाहीत, पण मी हबकले. मला जे जन्मापासून माहीत होतं ते गिऱ्हाइकाला माहीत असेल असं मी धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी मी व्हिडिओ केला : पातेल्यात तेल, त्यात एक चमचा चटणी, वर पाणी, आणि कट कसा वर येतो ते. चार माणसांच्या आमटीला एक चमचा, एवढंच बोलले. माझ्या खात्यावर आजही सगळ्यात जास्त ऑर्डरी त्याच व्हिडिओवरून येतात.

तुमच्या आगळाचंही तसंच आहे. सिंधुदुर्गाबाहेरच्या किती जणांना आगळ आणि सरबत यांतला फरक माहीत असतो? आगळ खारट, ते सोलकढीला. सरबत गोड, ते पाणी घालून प्यायला. अकोल्याच्या माणसाने आगळ पाण्यात घालून घोट घेतला तर तो दुसरी बाटली मागवेल का? म्हणून तुमचा पहिला व्हिडिओ हा. दोन काचेचे पेले खिडकीपाशी ठेवा, एकात आगळ, एकात सरबत, आणि कुठलं कशाला ते सांगा. दुसरा व्हिडिओ सोलकढीचा. पांढऱ्या वाडग्यात नारळाचं दूध घ्या, त्यात चमच्याने आगळ सोडा आणि कॅमेरा तिथेच धरून ठेवा. पहिल्या चमच्याला ते आत दोऱ्यासारखं उतरतं, ढवळलं की फिकट गुलाबी होतं, दुसऱ्या चमच्याला रंग भरतो. हे वीस सेकंद कुठल्याही गाण्याशिवाय माणूस बघत राहतो. वर मराठीत दोन ओळी लिहा, कारण बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात : किती दुधाला किती आगळ, आणि मीठ वेगळं घालायचं का. आगळात मीठ असतंच, हे न कळल्यामुळे कढी खारट होते आणि दोष तुमच्या मालाला लागतो.

संकोचाबद्दल. तुम्हाला बोलायचं नसेल तर बोलू नका, हात दाखवा. पण सासूबाई बोलत असतील तर त्यांना अडवू नका आणि त्यांची मालवणी 'सुधारू' नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. 'मीठ कमी घातलास तर आगळ टिकाचा नाय' हे त्या ज्या सुरात म्हणतील, तो सूर मुंबईत राहणाऱ्या सिंधुदुर्गातल्या माणसाला थेट आपल्या घरात घेऊन जातो. तुमचं पहिलं गिऱ्हाईक तोच आहे. परळ-लालबागला, कल्याण-डोंबिवलीला, पुण्यात तुमच्या जिल्ह्यातली किती कुटुंबं आहेत! त्यांना आगळ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. ते कोणी केलंय आणि कसं केलंय, एवढंच त्यांना बघायचं असतं.

तुमची एक अडचण अशी की तुम्ही जूनमध्ये सुरुवात केलीत, म्हणजे रातांब्यांचा, कोकमाच्या फळांचा, हंगाम सरल्यावर. येत्या एप्रिल-मेमध्ये मात्र फोन चार्ज करून तयार राहा. झाडाखाली पडलेले लालजांभळे रातांबे, ते फोडणं, गर आणि बिया वेगळ्या करणं, मिठाचे थर, आमसुलांना पुन्हा पुन्हा रसाचं पुट देऊन उन्हात घालणं, बियांचं मुटेल (कोकमाचं तूप), सगळं रोज दहा-पंधरा मिनिटं टिपून ठेवा. एका महिन्यात वर्षभराचं चित्रीकरण होतं. फोन उभा धरायचा, लेन्स पदराने पुसायची, पंखा बंद ठेवायचा. एवढं जमलं तर महागडा कॅमेरा लागत नाही.

गाण्यांबद्दल पुतण्याला माझा निरोप द्या. धंद्यासाठी केलेल्या व्हिडिओला सिनेमाचं गाणं लावायचं तर त्याचे हक्क लागतात. इन्स्टाग्रामच्या बिझनेस खात्यावर बरीच गाणी त्याचमुळे दिसत नाहीत, आणि हक्क नसलेलं गाणं लावलं तर व्हिडिओचा आवाज बंद होऊ शकतो. तुमच्या अंगणातला आवाज फुकट आहे आणि तो फक्त तुमच्याकडेच आहे.

आणि किंमत लिहा. 'किंमत इनबॉक्समध्ये' हे वाचलं की मला वाईट वाटतं. बाजारात भाजीवालीने भाव विचारल्यावर 'कानात सांगते' म्हटलं तर आपण पुढे जाऊ. व्हिडिओखाली स्पष्ट असावं : एक लिटर, इतके रुपये, कुरिअर वेगळं की धरून, किती दिवसांत पोचेल. बाटलीच्या लेबलवर वजन-माप, किंमत, तारीख आणि अन्न सुरक्षा नोंदणीचा 14 अंकी क्रमांक हवा, आणि तो क्रमांक व्हिडिओतही वाचता येईल असा दाखवा. 'पित्त बरं होतं', 'वजन उतरतं' असले दावे मात्र करू नका. अन्नपदार्थाने आजार बरा होतो अशी जाहिरात करायला कायद्याने मनाई आहे, आणि सोलकढीला त्याची गरजही नाही.

रील म्हणजे जत्रेतली हाक. हाकेवर आलेल्या माणसाला बसायला जागा हवी, ती व्हॉट्सॲपवर करा. व्हॉट्सॲप बिझनेस घ्या, त्यात कॅटलॉगमध्ये तिन्ही पदार्थ फोटो आणि किमतीसकट टाका. बाटलीबरोबर हाताने लिहिलेली चिठ्ठी जाऊ द्या : 'आमचा नंबर सेव्ह करा, नवं आगळ झालं की कळवू.' एकच निरोप अनेकांना पाठवायच्या ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी 256 जण बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो निरोप पोचतो. म्हणून ती चिठ्ठी महत्त्वाची. माझ्याकडे एक साधी दोनशेपानी वही आहे. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला मी विचारते, 'आमची माहिती कुठून मिळाली?' आणि लिहून ठेवते. महिनाअखेर ती वही उघडली की पुढच्या महिन्यात काय टिपायचं ते समजतं. तुमच्या अकरातल्या सातजणांना आज फोन करा आणि हाच प्रश्न विचारा.

प्रश्न : मी सोलापूरचा. आजीच्या हाताची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी ऑनलाइन विकतो. 90 हजार फॉलोअर असलेल्या एका खाण्याच्या पेजवाल्याने 3,000 रुपये आणि दहा पाकिटं मागितली आहेत. 'जाहिरात आहे असं लिहिणार नाही, म्हणजे खरं वाटेल' असं तो म्हणतो. करावं का?

उत्तर : असं नको. पैसे किंवा माल घेऊन केलेल्या व्हिडिओवर ती जाहिरात आहे हे स्पष्ट लिहावं, असं जाहिरात मानक परिषदेच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. नियम बाजूला ठेवला तरी, तुमच्या आजीच्या नावावर लपवाछपवीने सुरुवात कशाला?

जाहिरात म्हणून उघड करणार असेल तर त्याला एकच गोष्ट मागा : त्याचे फॉलोअर कुठल्या शहरांतले आहेत, त्याचा त्याच्या फोनवरचा स्क्रीनशॉट. दाखवायला काचकूच केली तर विषय संपला. हे मी शिकले ते 1,500 रुपये घालवून. 2021 मध्ये मी माझ्या एका व्हिडिओची पैसे भरून जाहिरात केली आणि भागाच्या रकान्यात 'संपूर्ण भारत' निवडलं. ज्यांना मराठी वाचताही येत नव्हतं अशांचे ढीगभर लाइक आले, ऑर्डर एकही नाही. पुढच्या वेळी 300 रुपये, फक्त पुणे आणि पिंपरी-चिंचवड. तेवढ्यात चार ऑर्डरी आल्या, त्यातल्या दोघी आजही मागवतात.

तुमचं गिऱ्हाईक पुण्यात नोकरीला गेलेला सोलापूरकर आहे. भाकरी मोडतानाचा कडाका जवळून ऐकवा. ती दुधात किंवा आमटीत कुस्करतानाचा व्हिडिओ करा, आणि ती किती दिवस टिकते ते आजीला विचारा. त्या 3,000 रुपयांत चांगले पुठ्ठ्याचे डबे घ्या. तुकडे होऊन पोचलेल्या कडक भाकरीचा फोटो गिऱ्हाइकाने टाकला, तर कुठलाही पेजवाला तो पुसू शकत नाही. माझ्या पाकिटांतून एकदा प्रवासात तेल झिरपलं, लेबलं लाल झाली, आणि नागपूरच्या एका ताईंनी फोटो पाठवला. मी त्यांना विचारून तो फोटो सगळ्यांना दाखवला, दुसरं पाकीट पाठवलं आणि आता दुहेरी पिशवी कशी लावते त्याचा व्हिडिओ केला. तेव्हापासून पॅकिंगचे व्हिडिओ मी नेमाने टाकते.

प्रश्न : उमरेड भागातून लिहितेय. आमच्या भिवापुरी मिरचीच्या तिखटाचा व्हिडिओ बराच फिरला. लगेच एकाचा फोन आला : 'मी लष्करात अधिकारी आहे, मेससाठी 40 किलो हवंय, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा.' मोठी ऑर्डर हातची जाऊ नये असं वाटतंय. काय करू?

उत्तर : स्कॅन करू नका. पैसे घ्यायला आपल्याला कधीही कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. व्हिडिओ फिरला की असे फोन येतातच, आणि लष्कराचं नाव मुद्दाम घेतात, कारण आपल्याला त्याबद्दल आदर असतो. त्याला तुमच्या खात्याचा यूपीआय आयडी द्या आणि सांगा, पैसे जमा झाले की कांडायला घेते. खरं गिऱ्हाईक पाठवेल. कुणी पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवला तर तोही धरू नका, बँकेच्या ॲपमध्ये रक्कम दिसली तरच माल बांधा.

स्कॅन करून पिन टाकला असेल तर हे पत्र पुरतं वाचत बसू नका. आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, मग बँकेला.